तुलना सरांची बिनटीव्हीची शाळा

तुलना सरांच्या दोन पायांत दोन वेगळ्या कंपन्यांच्या चपला असत. पहिल्यांदा ते आमच्या शाळेत आले तेव्हा मला वाटलं, घाईत निघाले असतील बिचारे. दुसऱ्या महिन्यातही तेच. तिसऱ्या महिन्यात मला राहवलं नाही. "सर, कुठे लग्नाच्या पंगतीत चपला बदलल्या का?" तर सर इतके खूश झाले की त्यांनी दोन्ही चपला काढून माझ्या टेबलावर ठेवल्या. थेट हजेरीपटावर. "बघा गुरुजी, डावीची टाच किती झिजली अन् उजवीची किती. एकच माणूस, एकच रस्ता, एकच दिवस सुरुवातीचा. दुकानदार काय, वाट्टेल ते सांगतो." मी सहज म्हटलं, माणूस एका पायावर जास्त भार देत असेल तर? पुढच्या महिन्यात ते डावी चप्पल उजव्या पायात अन् उजवी डाव्या पायात घालून आले आणि गोंडपिपरीच्या फाट्यापासून शाळेपर्यंत लंगडत चालले.

त्यांचं खरं नाव शाळेच्या भेटवहीत आहे, पण त्या नावानं त्यांना कुणी ओळखत नव्हतं. चंद्रपूरच्या एका अध्यापक विद्यालयात ते शिकवायचे. आयुष्यभर त्यांनी एकच प्रश्न धरून ठेवला होता: वर्गात यंत्र आणलं की पोरं जास्त शिकतात का? या प्रश्नावर त्यांना पीएच.डी. करायची होती. नाव नोंदवलं तेव्हा शाळाशाळांत रेडिओ येत होते. पहिले मार्गदर्शक निवृत्त झाले, दुसरे वारले, आणि तिसरे निघाले ते सरांचेच जुने विद्यार्थी. ते यांना 'सर' म्हणत, हे त्यांना 'सर' म्हणत, आणि खुर्चीवर आधी कोणी बसायचं यातच मार्गदर्शनाची पहिली पंधरा मिनिटं जात.

तुलनेचं हे वेड आलं कुठून, ते त्यांनीच एकदा सांगितलं. त्यांचे वडील सिंदेवाहीच्या भात संशोधन केंद्रात मजूर होते. तिथे एका बांधीत, म्हणजे बांध घातलेल्या धानाच्या तुकड्यात, खत टाकत, शेजारच्या बांधीत टाकत नसत. धान तेच, पाणी तेच, रोवणी करणारे हात तेच. बारका असताना सरांनी वडिलांना विचारलं होतं, या बिचाऱ्या बांधीनं काय गुन्हा केला? वडील म्हणाले, "हे बांधी उपाशी राह्यली म्हनून त्या बांधीचं समजते ना रे बाबू." सर म्हणायचे, मला अख्खं शिक्षणशास्त्र बापानं बांधावर बसून शिकवलं, बाकी डिग्र्या नुसत्या कागदाच्या.

पण धानासारख्या शाळा वागत नाहीत. रेडिओच्या अभ्यासात रेडिओचे सेल गावकऱ्यांनी काढून टॉर्चमध्ये घातले, कारण रात्री पिकाची जागल करताना रानडुकरं येत होती. संगणकाच्या अभ्यासात तर कहरच झाला. संगणकासाठी म्हणून शाळेची एक खोली दुरुस्त झाली, दाराला जाळी बसली, कुलूप आलं. उंदीर शिरत नाही अशी गावातली ती एकच खोली! मग पोषण आहाराचा तांदूळ तिथे गेला. पोत्यांची थप्पी आणि थप्पीवर संगणक. सरांनी वर्षभर इमानदारीत मोजमाप केलं आणि अहवालात लिहिलं की, संगणकामुळे मुलांच्या वाचनात फरक आढळला नाही, मात्र तांदूळ सुरक्षित राहतो. तो अहवाल वाचून वरचे साहेब चिडले. सर म्हणाले, "जे दिसलं ते लिहिलं. न दिसलेलं लिहायला मी काय ज्योतिषी आहे?"

सरांच्या घरच्या बाईंना मी एकदाच भेटलो. त्या माझ्यासमोर चहा ठेवता ठेवता म्हणाल्या, "बायको एकच करता येते तेच बरं आहे गुरुजी, नाही तर हे तुलनेसाठी दुसरी घेऊन आले असते." सर गंभीरपणे म्हणाले, "नाही, एवढ्या लहान नमुन्यावर काही सिद्ध होत नाही." बाईंनी माझ्याकडे पाहून नुसती मान हलवली.

तर सरांचा शेवटचा अभ्यास टीव्हीचा. निवृत्तीला साडेतीन वर्षं उरलेली. यात जमलं तर जमलं, नाही तर पीएच.डी. विसरा, असं विद्यापीठानं स्पष्ट कळवलं होतं. सरांनी दोन गावं निवडली. दोन्हीकडे धान, दोन्हीकडे तेवढीच पोरं, दोन्हीकडून डांबरी रस्ता तेवढाच लांब. नाल्यापल्याडच्या गावच्या शाळेला मोठा टीव्ही मिळाला. आमच्या शाळेला काहीच नाही. आम्ही ती उपाशी बांधी.

नाल्यापल्याडचे मुख्याध्यापक भारी घाबरट माणूस. टीव्हीची नोंद डेडस्टॉकच्या, म्हणजे शाळेच्या सामानाच्या वहीत झाल्याबरोबर त्यांनी तो चादरीत गुंडाळून कपाटात घातला. बदलीच्या वेळी चार्ज देताना तडा निघाला तर? सर भेटीला गेले की टीव्ही बाहेर यायचा, हळद-कुंकू, फुलाचा हार, आणि पोरं हात जोडून पुढे बसलेली. सरांनी शेवटी आपल्या हातानं लिहून दिलं, 'टीव्ही फुटल्यास मी जबाबदार आहे.' मुख्याध्यापकांनी ते पत्र फ्रेम करून भिंतीवर लावलं, आणि तेव्हापासून टीव्ही रोज एक तास चालू लागला. त्यासाठी सरांना चार खेपा माराव्या लागल्या. कुठलीही गोष्ट मनासारखी मोजता यावी म्हणून हा माणूस कुठवर जाईल याला धरबंध नव्हता.

आमच्या गावात त्यांनी पालकसभा घेतली. सभा बुद्धविहाराच्या ओट्यावर, कारण शाळेत तेवढी सावली नाही. सर उभे राहिले आणि म्हणाले, "तुमच्या शाळेला दोन वर्षं टीव्ही मिळणार नाही. तुमच्या शाळेत टीव्ही नसल्यामुळेच त्या शाळेतल्या टीव्हीचा उपयोग किती ते कळणार. तुम्ही काहीही वेगळं करायचं नाही. जसं आहे तसंच राहू द्या. माझ्यासाठी काही करू नका."

आता हे शेवटचं वाक्य आमच्याकडे बोलू नये. पाहुणा म्हणाला की माझ्यासाठी काही करू नका, तर घरातल्या बाईनं हमखास काही तरी करायचं असतं, फक्त त्याला दिसू द्यायचं नसतं.

आणि करायला सुमनबाई होत्याच. सुमनबाई आमच्या गावच्या दारूबंदी समितीच्या अध्यक्ष. जिल्ह्यात दारूबंदी होती तेव्हा त्यांच्या वीस बायकांच्या पथकानं मोहाची एक हातभट्टी टिकू दिली नव्हती. शिट्टी वाजवत निघायच्या आणि गडी माणसं मागच्या दारानं पळायची. मग बंदी उठली. पथक बेकार झालं. शिट्ट्या खुंटीला लटकल्या. अशा रिकाम्या वेळी सरांची सभा झाली.

सर गेल्यावर सुमनबाई ओट्यावर तशाच बसून राहिल्या. मग मला म्हणाल्या, "गुरुजी, मले एक सांगा. शाळा बिनटीव्हीची अन् घरी दिवसभर टीव्ही सुरू, तं सरायचं काम बिघडन का नाई?"

"बाई, ते फक्त शाळेपुरतं बोलले."

"म्हन्तात ते तसं. भला माणूस आहे, संकोचानं बोलत नाई. बिनदारूचं गाव म्हनाचं अन् घरात बाटली ठेवाची, हे चालन का?"

आठ दिवसांत गावात टीव्हीबंदी लागली. संध्याकाळी सहा ते नऊ, पोरं घरात जागी असेपर्यंत, एकही टीव्ही लागायचा नाही. शिट्ट्या पुन्हा निघाल्या. पथक गल्लीगल्लीतून फिरायचं आणि खिडकीत निळा उजेड दिसला की रिमोट जप्त. जप्तीचे रिमोट विहाराच्या कपाटात स्टीलच्या डब्यात. आमच्या उपसरपंचाचा रिमोट तीनदा जप्त झाला. तो बिचारा म्हणायचा, "दारूच्या टायमाले एवढी बेइज्जती नाई झाली जी माझी." पोलिसपाटलानं आवाज बंद करून चादरीखाली क्रिकेट पाहिलं तर त्याच्याच बायकोनं शिट्टी वाजवली.

मग पोरांनी करायचं काय? मोठ्या माणसांनाही करमेना. त्यांनी पोरांना वाचायला बसवलं. जे हाताशी येईल ते. जुना पेपर, खताच्या थैलीवरचा मजकूर, लग्नाच्या पत्रिका, औषधाच्या बाटलीवरची चिठ्ठी. सुमनबाईंना स्वतःला वाचता येत नाही. त्या रोज दोन पोट्ट्यांना बसवून समितीची जुनी वही मोठ्यानं वाचायला लावत. कुणाच्या घरी कधी किती दारू सापडली, याचा सगळा इतिहास माझ्या तिसरीच्या वर्गाला तोंडपाठ झाला. एकदा गणिताच्या तासाला मी लिटरचं उदाहरण मागितलं, तर एका पोरीनं उठून सांगितलं की तुमच्या शेजारच्या काकांकडे पाच लिटर सापडली होती गुरुजी. उदाहरण बरोबर होतं, काय बोलणार?

पण वाचायला लागली होती पोरं! चौथीत अडखळणारी पोरं दुसऱ्या सत्रात धडे सरळ वाचू लागली. मी सोळा वर्षं मास्तरकी केली होती, असं कधी पाहिलं नव्हतं.

सर सुटीचे महिने सोडून महिन्याला एकदा यायचे. त्यांच्या हातात फॉर्म असायचा. त्यात एक रकाना होता: 'गावात किंवा शाळेत झालेले बदल.' सर पेन पुढे करत आणि विचारत, "काही बदल गुरुजी?" मी लिहायचो, निरंक, म्हणजे काही नाही. खाली सही. पहिल्या महिन्यात मला वाटलं होतं, आठवडाभराची हौस आहे, जाईल. दुसऱ्या महिन्यात सुमनबाईंनी मला बजावलं, "सरायले सांगसान नोका. त्यायले वाटन आपल्यामुळं गावाले तरास होऊन राह्यला." आणि तिसऱ्या महिन्यापासून, खरं सांगतो, मला स्वतःलाच सांगायचं नव्हतं. सांगितलं तर हे बंद पडेल याची मला धास्ती होती.

कुणी म्हणेल, एवढं गाव शिट्ट्या फुंकत होतं आणि सरांना कळलं कसं नाही? त्याला कारण सरांचा नियम. ते कुणाच्याही घरात जात नसत. "घरात गेलं की चहा, चहा झाला की नातं, अन् नातं झालं की आकडा वाकतो." दुपारी यायचे, शाळेच्या व्हरांड्यात स्वतःच्या डब्यातलं खायचे, चारच्या बसनं परत. उन्हाळ्याच्या तोंडावर एकदा त्यांनी छपरांकडे बोट दाखवलं. काही घरच्या बायकांनी तर डिशच्या छत्र्याच काढून आडव्या टाकल्या होत्या आणि त्यांच्यावर मोहफुलं वाळत होती. सर म्हणाले, "वा! यंत्राचा स्थानिक उपयोग." आणि वहीत टिपून घेतलं. पण त्यांनी पुढे काही विचारलं नाही आणि मीही सांगितलं नाही.

दोन वर्षांनी शेवटची चाचणी झाली. दोन्ही गावांचे पेपर सरांनी स्वतः तपासले, मग दुसऱ्याकडून तपासून घेतले, मग तिसऱ्याकडून. आमची उपाशी बांधी नाल्यापल्याडच्या पुढे निघून गेली होती. थोडीथोडकी नाही, खूपच. सर फोनवर लहान पोरासारखे ओरडत होते. "गुरुजी, टीव्ही नसलेली शाळा पुढे! टीव्हीचा उपयोग नाही, नुकसान आहे! इतक्या वर्षांत पहिल्यांदा काही तरी स्पष्ट दिसलं हो!" मी अभिनंदन म्हटलं.

प्रबंध लिहून, छापून, जमा होऊन परीक्षकांकडून येईपर्यंत आणखी वर्ष गेलं. सर निवृत्त व्हायला दोन महिने उरले आणि तोंडी परीक्षेची तारीख आली. ही परीक्षा खुली असते, कुणीही येऊन बसू शकतं, असं सर कौतुकानं सांगून गेले. कुणी जात नाही ते सांगायचं राहिलं. सुमनबाई म्हणाल्या, "आपल्या सरायचा पेपर आहे तं आपुन नाई तं कोन जाईन?" काळीपिवळी जीप ठरली. बारा बायका, मी, आणि मोहाच्या लाडवांचा डबा.

विद्यापीठाच्या त्या थंडगार खोलीत एका बाजूला परीक्षक, मार्गदर्शक, चार प्राध्यापक आणि दुसऱ्या बाजूला पदर सावरून बसलेल्या बारा बायका. परीक्षकांना वाटलं कुठला तरी मोर्चा आला. सर मात्र फुलून गेले होते. त्या दिवशी त्यांच्या दोन्ही पायांत एकसारखे नवे बूट होते. तासभर ते सुरेख बोलले. परीक्षकांनी दोन-चार प्रश्न विचारले, माना डोलावल्या, अहवालावर सह्या झाल्या. बाहेर जेवणाचे डबे आल्याचा वास येऊ लागला. मग परीक्षकांनी रिवाजाप्रमाणे विचारलं, "उपस्थितांपैकी कुणाला काही प्रश्न?"

सुमनबाई उभ्या राहिल्या.

"सरजी, तुमचा पेपर झाला ना आता? मंग आमी घरचे टीव्ही लावाचे का? तुमी दोन सालाचं म्हनले होते, तीन झाले. बायका मले इचारून राह्यल्या."

सगळे प्राध्यापक हसले. सर हसले नाहीत. "घरचे टीव्ही? बंद आहेत?"

"तुमच्यासाठीच तं जी! सहा ते नऊ. पुरं गाव. पोट्टे वाचत बसते तवा."

परीक्षक म्हणाले, "वा वा, खेड्यातली माणसं मोठी गमतीदार असतात," आणि हात पुढे केला. "अभिनंदन, डॉक्टर."

सरांनी हात धरला नाही. "साहेब, माझा निष्कर्ष चुकला आहे. शाळेतल्या टीव्हीचं काही सिद्ध झालेलं नाही. या बायकांनी पोरं वाचायला बसवली होती. त्याचा प्रबंधात एक शब्द नाही."

मार्गदर्शक त्यांच्या कानाशी लागले. "सर, हे इतिवृत्तात येत नाही. अभ्यासाच्या मर्यादा म्हणून एक ओळ टाकू."

"एक ओळ? अहो सर, ते अख्खं गाव आहे!"

"अहो, सह्या झाल्यात," परीक्षक वैतागले. त्यांना गाडी गाठायची होती. "निष्कर्ष चुकीचे असूनही लोक डॉक्टर होतात!"

"मग तुलनेसाठी एक न झालेला असू द्या," असं म्हणून सरांनी टेबलावरचे प्रबंधाचे पाचही ठोकळे उचलून छातीशी धरले आणि ते बाहेर निघून गेले.

मी मागोमाग धावलो. सर पायरीवर बसले होते. बायका रडत होत्या. सुमनबाई तर कपाळ बडवून घेत होत्या, "मीच बुडवलं जी सरायले, माझंच तोंड जळो." सरांनी ठोकळे बाजूला ठेवले, खिशातून वही काढली आणि विचारलं, "बाई, रडू नका. आधी सांगा, सुरुवात कोणत्या महिन्यात झाली? किती घरं? रिमोट परत कधी मिळायचे?" तासभर ते विचारत होते आणि बायका डोळे पुसत उत्तरं देत होत्या. दारातून परीक्षक जेवून निघून गेले. सरांनी मान वर केली नाही. मोहाचा लाडू खाता खाता एकदाच म्हणाले, "धान बरं हो. धानाला पाहुणचार करता येत नाही."

सरांजवळ आता नवा अभ्यास करायला वर्षं नव्हती. निवृत्तीच्या आठवड्यात आम्ही शाळेत त्यांचा निरोप समारंभ ठेवला. शाल, नारळ, पोरांची भाषणं. भाषणं पोरांनी पाठ करून केली नाहीत, कागदावरून घडाघड वाचली, आणि वाचणाऱ्या पोरांकडे सर एकटक बघत राहिले. फाट्यावर त्यांना सोडायला मी एकटाच गेलो. बसला वेळ होता. आता नाही तर कधीच नाही, म्हणून मी बोललो.

"सर, मला सगळं माहीत होतं. पहिल्या दिवसापासून."

"मला ठाऊक आहे," सर म्हणाले. "फॉर्म माझ्याकडेच आहेत. एकवीस फॉर्म, एकवीस सह्या. मी एकवीस वेळा विचारलं होतं, गुरुजी." त्यांचा आवाज चढला होता. तीन वर्षांत पहिल्यांदा मी त्यांना रागावलेलं पाहिलं. "माझं सगळं आयुष्य त्या रकान्यात होतं."

"पोरं वाचायला लागली होती, सर. सांगितलं असतं तर तुम्ही गावाला टीव्ही लावायला सांगितलं असतं."

बस आली, थांबली, कंडक्टरनं हाक मारली. सरांनी पाय पायरीवर ठेवला, आणि मग वळले.

"सांगितलं असतं," ते म्हणाले. "दुसऱ्याच दिवशी सांगितलं असतं. दारोदार जाऊन."

आणि गाडीत चढले. खिडकीतून त्यांनी हात केला नाही. मी फाट्यावर उभा राहून रडलो, हे लिहायला मला लाज वाटत नाही.